शर्यतीनंतरची वीस वर्षे : निवृत्त थरोब्रेड घोडे, क्रॉस-कंट्री आणि पुनर्शिक्षणाचा इतिहास

प्रास्ताविक

शर्यतीच्या घोड्याचा इतिहास बहुधा अंतिम रेषेपाशी संपतो. त्याची वंशावळ, त्याने जिंकलेल्या शर्यती, त्याच्यावर लागलेल्या पैजा यांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या जातात. परंतु धावणे थांबल्यावर त्याचे काय झाले, याची नोंद ठेवण्याची गरज दीर्घकाळ कोणालाच वाटली नाही. वस्तुतः घोडा २५ ते ३० वर्षे जगू शकतो. थरोब्रेड जातीचे शिंगरू दुसऱ्या वर्षीच धावपट्टीवर उतरते आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत बहुसंख्य घोड्यांची शर्यतीतील कारकीर्द आटोपलेली असते. इतर जातींचा घोडा ज्या वयात खऱ्या अर्थाने कामाला जुंपला जातो, त्या वयात हा निवृत्त होतो. निवडक वळू आणि घोड्या पैदाशीसाठी ठेवल्या जातात. खच्ची केलेल्या घोड्याला तोही मार्ग खुला नसतो. म्हणजे सरासरी वीस वर्षांचे आयुष्य शिल्लक असलेला, महागडी चंदी-वैरण लागणारा आणि मालकाला एक रुपयाही मिळवून न देणारा असा हा प्राणी असतो.

अशा घोड्याला क्रॉस-कंट्री, अडथळ्यांवरील उड्या किंवा ड्रेसाज यांसारख्या अश्वक्रीडांसाठी नव्याने शिकविण्याची पद्धत आज ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत रूढ झाली आहे. या कार्याकडे बहुधा भूतदयेचा विषय म्हणून पाहिले जाते. परंतु गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहता वेगळेच चित्र दिसते. निवृत्त घोड्याला दुसरे आयुष्य मिळते की नाही, हे त्याच्या अंगच्या गुणांपेक्षा त्या त्या काळातील क्रीडेला कोणता घोडा हवा होता यावर अधिक अवलंबून राहिले आहे. क्रीडेला थरोब्रेड हवा होता तोवर बाजारानेच त्याची सोय लावली. क्रीडा बदलली, मागणी ओसरली आणि जो प्रश्न बाजार सोडवीत होता तो धर्मादाय संस्थांच्या दारात येऊन पडला.

लष्करी चाचणी आणि थरोब्रेड

थरोब्रेड ही जात सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये घडली. बायर्ली टर्क, १७०४ साली आणलेला डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन पौर्वात्य वळू तिचे मूळ पुरुष मानले जातात. १७९१पासून 'जनरल स्टड बुक'मध्ये तिची वंशावळ नोंदली जाऊ लागली. वेग हीच एकमेव कसोटी धरून पिढ्यान्‌पिढ्या निवड झालेली ही जात असली, तरी वेगाबरोबर आलेला दमसास, धाडस आणि हलके, काटक शरीर हे गुण घोडदळालाही हवेच होते. घोडदळाच्या घोड्यांच्या पैदाशीत थरोब्रेड वळूंचा वापर झाला तो यामुळेच. अमेरिकन सैन्याच्या रिमाउंट विभागाने पहिल्या महायुद्धानंतर शर्यतींच्या क्षेत्रातून आलेले वळू शेतकऱ्यांच्या घोड्यांसाठी उपलब्ध करून दिले. याच व्यवस्थेतून जन्मलेल्या जेनी कँप या घोडीने १९३२च्या लॉस एंजेलिस आणि १९३६च्या बर्लिन अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये कॅप्टन अर्ल थॉमसन यांच्यासह इव्हेंटिंगचे वैयक्तिक रौप्यपदक मिळविले.

इव्हेंटिंग हा प्रकारच मुळी लष्करी. १९०२ साली पॅरिसमध्ये लष्करी घोड्यांची जी स्पर्धा झाली ती त्याची जननी समजली जाते. संचलनात घोडा शिस्तीने चालतो का, शत्रूच्या मुलखातून कुंपणे, चर, ओढे ओलांडीत संदेश पोहोचवू शकतो का आणि अशा दौडीनंतर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामाला सज्ज असतो का, हे तीन प्रश्न या परीक्षेत विचारले जात. पुढे त्यांचेच ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि उड्या असे तीन भाग झाले. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये या स्पर्धेचा प्रथमच समावेश झाला. तेथे स्वारांना चार तासांत ५५ किलोमीटरची मजल मारावयाची होती आणि तिला जोडूनच ५ किलोमीटरची क्रॉस-कंट्री होती. स्टीपलचेस आणखी वेगळी. भाग घेण्याचा अधिकार फक्त सेवेतील लष्करी अधिकाऱ्यांना होता. अशा परीक्षेत सुंदर चालीचा परंतु लवकर दमणारा घोडा टिकणे शक्य नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर घोडदळे मोडीत निघाली आणि ही क्रीडा नागरिकांच्या हाती आली. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमधील इव्हेंटिंग पाहून ड्यूक ऑफ ब्यूफोर्ट यांनी १९४९ साली आपल्या बॅडमिंटन येथील जमिनीवर स्पर्धा सुरू केली. बर्ली येथील स्पर्धा १९६१ची. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये लाना ड्युपाँट या अमेरिकन स्वार इव्हेंटिंगमध्ये उतरलेल्या पहिल्या महिला ठरल्या आणि त्यांचा मिस्टर विस्टर हा घोडा थरोब्रेड होता. स्वार बदलले, परंतु परीक्षेचे स्वरूप मात्र लष्करीच राहिले. क्रॉस-कंट्रीच्या दिवशी रस्त्यांवरील दीर्घ दौड, मग स्टीपलचेस, पुन्हा दीर्घ दौड, दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती व पशुवैद्यकीय तपासणी आणि त्यानंतर प्रत्यक्ष क्रॉस-कंट्री असे चार टप्पे असत. वरच्या श्रेणीत स्टीपलचेसचा अपेक्षित वेग मिनिटाला ६९० मीटर, तर क्रॉस-कंट्रीचा ५७० मीटर असे. शर्यतीचा घोडा मिनिटाला हजार मीटरच्या आसपास धावलेला असल्यामुळे हा वेग त्याला सहज झेपत असे. आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहून दीर्घकाळ धावणे त्याला शक्य होते, हे त्याचे खरे भांडवल.

धावपट्टीवर शिकलेले, मैदानात विसरावयाचे

तथापि धावपट्टीवरून आलेला घोडा कोरी पाटी नसतो. त्याला बरेच काही शिकविलेले असते आणि त्यातील बहुतेक नव्या कामाला उलटे पडते. मराठी घोडदळाच्या परिभाषेत घोडा वळणावर आणणाऱ्यास चाबूकस्वार म्हणत; हा शब्द आज मागे पडला असला तरी त्या कौशल्याची येथे नेमकी गरज लागते.

शर्यतीच्या घोड्याने तोंडातील कडीवर भार टाकून धावावे अशीच त्याची घडण केलेली असते. जॉकीने लगाम आवळून धरला की घोडा त्यावर रेलतो आणि वेग वाढवितो. सामान्य स्वार मात्र घोडा थांबावा म्हणून लगाम खेचतो. एकाच खुणेचे दोन विरुद्ध अर्थ असल्यामुळे नवख्या स्वाराखाली असा घोडा 'उधळला' असे म्हटले जाते. प्रत्यक्षात तो शिकविल्याप्रमाणेच वागत असतो. दुसरी गोष्ट मांडीची. जॉकी आखूड रिकिबीत उभा राहतो, त्याचे पाय घोड्याच्या बरगड्यांना जवळजवळ लागतच नाहीत. ड्रेसाज आणि क्रॉस-कंट्री या दोहोंत स्वाराचा पाय ही मुख्य भाषा. ती या घोड्याने कधी ऐकलेलीच नसते. खोगिरात खोल बसलेल्या स्वाराचे वजन पाठीवर आले की तो प्रथम बावरतो. जॉकीला उचलून वर बसविले जात असल्याने स्वार चढत असताना स्तब्ध उभे राहणे हेही त्याला नव्याने शिकावे लागते. अमेरिकेत जवळजवळ सर्व शर्यती डाव्या वळणाने होतात. त्यामुळे तेथील घोड्याचे शरीर एका बाजूला अधिक घडलेले असते आणि उजवीकडे वर्तुळात फिरविताना तो अडखळतो.

सर्वांत मोठी अडचण मात्र एकटेपणाची आहे. शर्यतीचा घोडा तबेल्यातून निघतो तो इतरांच्या रांगेत, सराव करतो तो इतरांबरोबर आणि धावतो तोही कळपात. जिंकण्याची ईर्ष्या म्हणून जे वर्णिले जाते त्यात कळपाबरोबर राहण्याच्या उपजत प्रेरणेचा वाटा मोठा आहे. क्रॉस-कंट्रीत मात्र त्याला एकट्याने, अनोळखी रानातून, समोर दुसरा घोडा नसताना पाण्यात उडी घ्यावयाची असते. म्हणून अनुभवी प्रशिक्षक प्रारंभी एखाद्या शांत, वयस्क घोड्याला सोबत देतात. ओढ्यात आधी तो उतरतो, मागून हा.

पुनर्शिक्षणाची सुरुवात प्रत्यक्षात काहीही न शिकविण्यापासून होते. काही आठवडे, पुष्कळदा काही महिने, घोड्याला मोकळ्या कुरणात सोडतात. शर्यतीचे हलके नाल काढले जातात, दाण्याचे प्रमाण उतरविले जाते आणि गवत वाढविले जाते. दिवसाचे बहुतेक तास बंदिस्त खणात आणि भरपूर दाण्यावर काढलेल्या शर्यतीच्या घोड्यांत जठराचे व्रण अत्यंत सर्रास आढळतात. पुष्कळदा ज्याला तिरसटपणा समजले जाते ती पोटातील वेदना असते. पायाच्या स्नायुबंधांना झालेल्या जुन्या दुखापती आणि पाठीचे मणके यांची तपासणीही याच काळात होते. त्यानंतर लांब दोरीवर फिरविणे, चालीतील संथपणा, दोन्ही दिशांनी समतोल दुडकी, कँटर आणि मग जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून चालणे असा क्रम असतो. दांड्यांवरून लहान ओंडके, ओंडक्यांवरून चर. स्टीपलचेस धावलेल्या घोड्याला उडी येत असते, म्हणून त्याचे काम सोपे असा समज आहे. तो फारसा खरा नाही. फांद्यांचे कुंपण वेगात, सपाट उडीने, वरचा भाग घासून पार करता येते. क्रॉस-कंट्रीतील भरीव लाकडी अडथळा असे काही माफ करीत नाही.

मागणीचा काळ

ही सर्व खटपट करण्यास स्वार तयार होते, कारण निवृत्त घोडा स्वस्त मिळे आणि गुणी निघे. ब्रिटनमध्ये शिकारीच्या स्वाऱ्या आणि हौशी पॉइंट-टु-पॉइंट शर्यती हे त्याचे पारंपरिक आश्रयस्थान होते. अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावरील धावपट्ट्यांच्या मागील तबेल्यांतून स्वार थेट खरेदी करीत. रॉडनी जेंकिन्स यांचा आयडल डाइस हा १९७०च्या दशकातील अमेरिकेचा नामांकित उड्यांचा घोडा धावपट्टीवरूनच आलेला होता.

या काळाचे शिखर म्हणून टच ऑफ क्लास या घोडीचे उदाहरण पुरेसे आहे. १९७३ साली जन्मलेली ही लहानखुरी घोडी 'स्टिलास्पिल' या नावाने काही शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. शर्यतींच्या हिशेबात ती निव्वळ तोट्याची बाब होती. जो फार्गिस यांच्यासह १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिने अडथळ्यांवरील उड्यांचे वैयक्तिक व सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदके मिळविली. त्या स्पर्धेत तिने ९१ पैकी ९० अडथळे निर्दोष पार केले. अमेरिकन ऑलिंपिक समितीचा वर्षातील उत्कृष्ट महिला अश्वारोहकाचा सन्मान त्या वर्षी एका घोडीला देण्यात आला, ही गोष्ट गमतीची वाटली तरी अर्थपूर्ण आहे. धावपट्टीवरील नोंदवहीने अपात्र ठरविलेला जीव दुसऱ्या परीक्षेत जगात पहिला येऊ शकतो, हे त्या निकालाने सिद्ध केले. त्याच ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगचे सुवर्ण न्यूझीलंडच्या मार्क टॉड यांच्या चरिज्मा या घोड्याने जिंकले. तो शर्यतीतला नव्हता, परंतु त्याच्या अंगात प्रामुख्याने थरोब्रेड रक्तच होते.

क्रीडा बदलली

याच सुमारास दोन प्रवाह एकमेकांविरुद्ध वाहू लागले होते. पहिला पुरवठ्याचा. १९८०च्या दशकात शर्यतीच्या घोड्यांच्या व्यवसायात पैशांचा पूर आला आणि उत्तर अमेरिकेत नोंदलेल्या शिंगरांची संख्या १९८६ साली ५१ हजारांहून अधिक झाली. त्याच वर्षीच्या करविषयक कायद्याने तोटा दाखवून कर वाचविण्याची सोय आटोक्यात आणली. गुंतवणूकदार मागे हटले, परंतु जन्मलेली शिंगरे मागे घेता येत नव्हती.

दुसरा प्रवाह मागणीचा. जर्मनी, हॉलंड आदी देशांत शेती व घोडदळातून उतरलेल्या जातींना अश्वक्रीडेसाठी घडविण्याचे पद्धतशीर काम चालू होते. या वॉर्मब्लड जातींना हलकेपणा आणण्यासाठी थरोब्रेडचेच रक्त वापरले गेले. १९६०च्या दशकात होल्स्टाइनमध्ये आलेला इंग्लिश वळू लेडीकिलर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ऐसपैस चाल, उंच उडी आणि शांत स्वभाव यांसाठीच निवड झालेला हा घोडा ड्रेसाज आणि उड्यांत थरोब्रेडला मागे टाकू लागला. इव्हेंटिंगमध्ये मात्र दीर्घ दौड होती तोवर थरोब्रेडचे स्थान अबाधित होते. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकपासून तेही गेले. जागा, खर्च आणि घोड्यांवरील ताण ही कारणे देऊन रस्त्यांवरील दौड आणि स्टीपलचेस वगळण्यात आली. पुढील काही वर्षांत बॅडमिंटनसारख्या स्पर्धांनीही हेच संक्षिप्त स्वरूप स्वीकारले. निर्णय अवाजवी होता असे म्हणता येत नाही, कारण दमलेल्या घोड्यांचे हाल त्यामुळे निश्चित टळले. परंतु ज्या एका कसोटीवर शर्यतीचा घोडा इतरांपेक्षा सरस ठरत असे, नेमकी तीच पुसली गेली आणि ड्रेसाजच्या गुणांचे महत्त्व वाढले. घोड्यांच्या हितासाठी घेतलेल्या निर्णयाने हजारो घोड्यांची बाजारातील किंमत उतरविली, हा यातील विरोधाभास फारसा चर्चिला गेलेला नाही.

अपवाद घडतच राहिले. अमेरिकेचा करेजस कॉमेट हा निवृत्त शर्यतीचा घोडा २००८च्या ऑलिंपिकमध्ये खेळला. ऑस्ट्रेलियात धावलेला नेव्हिल बार्डोस अवघ्या ८५० डॉलरना विकत घेतला गेला होता. मे २०११मध्ये पेनसिल्व्हेनियातील तबेल्याला लागलेल्या आगीत सहा घोडे दगावले. स्वार बॉइड मार्टिन यांनी नेव्हिलला धुरातून ओढून बाहेर काढले. श्वसनमार्ग भाजलेला तो घोडा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्ली येथे सातवा आला. २०१६ साली बॅडमिंटनला आर्क्टिक सोल हा माजी शर्यतीचा घोडा तिसरा आला. तथापि अशा घोड्यांची नावे सांगता येतात, यावरूनच ते अपवाद होते हे उघड होते. १९७०पूर्वी तशी यादी करण्याची गरज कोणाला पडली नसती.

जबाबदारी कोणाची?

मागणी ओसरल्यावर शिल्लक घोडे कोठे जात होते, हे लोकांपुढे आले ते एका विजेत्यामुळे. १९८६ची केंटकी डर्बी जिंकणारा फर्डिनांड १९९४ साली पैदाशीसाठी जपानला विकला गेला. तेथे मागणी न राहिल्याने २००२ साली त्याची कत्तल झाली. २००३ साली ही बातमी फुटली तेव्हा अमेरिकेत संताप उसळला. डर्बी विजेत्याची ही गत, तर शेवटच्या क्रमांकाने आलेल्यांची काय असेल, हा प्रश्न टाळणे अशक्य झाले. अमेरिकेतील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ साली बंद झाले. मात्र घोडे सीमा ओलांडून मेक्सिको आणि कॅनडाकडे जाऊ लागल्याने प्रश्न केवळ दूर सरकला.

संस्थात्मक प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या प्रारंभी थरोब्रेड रिटायरमेंट फाउंडेशन स्थापन झाले आणि न्यूयॉर्क राज्यातील वॉलकिल तुरुंगात बंदिवानांनी निवृत्त घोडे सांभाळण्याची योजना त्याने चालविली. पण हे प्रामुख्याने आश्रय देणे होते. ब्रिटनमध्ये २०००साली शर्यत उद्योगानेच 'रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस' ही संस्था उभी केली. तिच्या नावातच दृष्टिकोनातील बदल दिसतो. घोडा पोसणे महाग आणि अनंतकाळचे, तर घोडा शिकविणे हा एकदाचा खर्च आणि शिकलेला घोडा दुसरा मालक स्वतःच्या पैशाने सांभाळतो. या विचारातून निवृत्त घोड्यांसाठी स्वतंत्र स्पर्धा सुरू झाल्या. अमेरिकेत २०१० साली स्थापन झालेल्या रिटायर्ड रेसहॉर्स प्रोजेक्टने हा विचार अधिक धीटपणे पुढे नेला. त्याची 'थरोब्रेड मेकओव्हर' ही स्पर्धा २०१५पासून केंटकी हॉर्स पार्कमध्ये भरू लागली. नुकताच धावपट्टीवरून आलेला घोडा, सुमारे दहा महिन्यांचे प्रशिक्षण आणि इव्हेंटिंग, ड्रेसाज, पोलोपासून गुरे वळण्यापर्यंत दहा प्रकार. स्पर्धेच्या ठिकाणी घोड्यांची विक्रीही होते. क्रीडेतील नियमबदलाने हिरावलेला बाजार येथे हेतुपुरस्सर पुन्हा उभारला जात आहे.

सर्वच घोड्यांना ही वाट मानवते असे नव्हे. चेल्टनहॅम गोल्ड कप दोनदा आणि किंग जॉर्ज चेस पाच वेळा जिंकणारा कॉटो स्टार २०१२ साली निवृत्त झाला. त्याला ड्रेसाज शिकवावे, की परिचित तबेल्यात सुखाने राहू द्यावे, यावर मालक आणि प्रशिक्षक यांच्यात जाहीर मतभेद झाले. अखेर तो ड्रेसाजकडे गेला आणि २०१५ साली कुरणातील अपघातात झालेल्या दुखापतीमुळे त्याला मरण द्यावे लागले. अपघाताचा ड्रेसाजशी संबंध नव्हता. परंतु घोड्याने सतत उपयोगी असलेच पाहिजे का, हा त्या वादातील प्रश्न पुनर्शिक्षणाच्या समर्थकांनाही सहज झटकता येणारा नाही. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१९मध्ये दूरचित्रवाणीवरील एका शोधकार्यक्रमाने कत्तलखान्यांत जाणारे शर्यतीचे घोडे दाखविले आणि तेथील नियामकांना हालचाल करावी लागली. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२२पासून, खाद्यसाखळीतून कायमचा वगळलेला असल्याची नोंद असल्याखेरीज घोड्याला शर्यतीत उतरता येत नाही.

हाँगकाँग आणि मुंबई

आशियात या प्रश्नाचे स्वरूप जागेच्या टंचाईने ठरते. हाँगकाँगमध्ये पैदास होत नाही. सर्व घोडे बाहेरून येतात आणि निवृत्तीनंतर त्यांना ठेवण्यास भूमी नाही. तेथील जॉकी क्लबने निवडक घोड्यांना पुन्हा शिकवून स्वारीशाळांत देण्याची योजना चालविली. २००८च्या ऑलिंपिकमधील अश्वस्पर्धा बीजिंगऐवजी तेथे झाल्या आणि क्रॉस-कंट्रीचा मार्ग बीस रिव्हर येथे आखला गेला. करेजस कॉमेट धावला तो याच भूमीवर.

मुंबईत महालक्ष्मीची धावपट्टी १८८३ची. हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे असा शर्यतींचा हंगाम फिरतो. अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ साली स्थापन झाला तो महालक्ष्मीच्याच आश्रयाने. परदेशी वॉर्मब्लड आणणे खर्च आणि विलगीकरणाचे नियम यांमुळे थोड्यांनाच परवडते. त्यामुळे भारतातील स्वारीशाळांत आणि पोलोच्या मैदानांवर निवृत्त थरोब्रेडला जी मागणी टिकून आहे ती युरोपात १९७०च्या सुमारास होती तशी आहे. येथे त्याला दयेची नव्हे, गरजेची जागा आहे. मात्र जागतिक स्तरावरील वारे वेगळे. २०१८च्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक रौप्य मिळविणारे आणि २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तेविसावे आलेले फवाद मिर्झा ज्या सिनियर मेडिकॉट या घोड्यावर स्वार होते, तो जर्मन पैदाशीचा होता आणि त्याची तयारीही जर्मनीतच झाली. महालक्ष्मीला घोडेस्वारी शिकू लागलेले मूल मात्र बहुधा एखाद्या अशा घोड्याच्या पाठीवर पहिली मांड ठोकते, ज्याने काही वर्षांपूर्वी त्याच आवारातील धावपट्टीवर धाव घेतलेली असते. आणि त्या मुलाने तोल सावरण्यासाठी लगाम घट्ट धरला की आपण आता थांबावयाचे आहे, हे त्या घोड्याला कोणीतरी चिकाटीने शिकविलेले असते.